तीन तोळ्यांचा साज आणि ४७.२ ग्रॅमचा 'नेकलेस'

फेब्रुवारी २०२३. पहाटे सव्वापाचला फोन वाजला. इतक्या पहाटे फोन आला की मनात पहिलं वाईटच येतं. पण पलीकडून आला तो शेजारच्या काकूंचा आवाज, खणखणीत, फक्त रागानं थरथरणारा.

"अरे, माझा साज काढून घेतलेत रे ह्यांनी. पावती दिलेत, त्यावर पिवळा धातू लिहिलेत. पिवळा धातू! सासूबाईंचा साज हाय तो."

काकूंनी मला फोन करायचं कारण असं, की आमच्या गल्लीत 'कस्टम्सवाला' म्हणून मी ओळखला जातो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग परदेशी जातं, त्याची शिपिंग बिलं आणि बाकीची कागदपत्रं करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पण मालाचं कस्टम्स वेगळं आणि माणसाचं वेगळं. कायदा दोन्हीकडं एकच, १९६२ चा. फरक एवढाच, की मालाच्या बाजूला कागद आधी जातो आणि माल मागनं. प्रवाशाच्या बाजूला माणूस आधी समोर उभा असतो आणि कागद मागनं शोधावा लागतो. त्यामुळं या प्रकरणात मीही बरंच शिकत गेलो आणि एक चूक चांगली महागात पडली. ती पुढं येईलच. काकूंच्या परवानगीनं सगळं लिहितोय. विमानतळ कोणता ते सांगत नाही. कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला, परदेशातलं विमान उतरत नाही, त्यामुळं आमच्याकडच्या माणसाला बाहेर कुठंतरी उतरून कोल्हापूरची गाडी धरावी लागते, एवढं पुरे.

काकू आणि साज

काकू तेव्हा ६६ वर्षांच्या. प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त. घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडच्या अंगाला. लेक दुबईत. तिच्या बाळंतपणासाठी डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या आणि बारसं उरकून ५६ दिवसांनी परत आल्या. जाताना अंगावर मंगळसूत्र, चार बांगड्या आणि साज. नातवाच्या बारशाला साज घालायचा, ही सासूबाईंची रीत. येताना अंगावर तेच. जास्तीचं म्हणजे जावयानं घेऊन दिलेली ५ ग्रॅमची नवी चेन, बिलासकट पर्समध्ये, आणि बॅगेत खजूर, चॉकलेटं, अत्तराच्या दोन बाटल्या. चेन साधारण २७ हजारांची, बाकीचं सामान १२ हजारांच्या आतबाहेर.

साजाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळा घोळ त्याच्या पोटात आहे. अगदी शब्दशः पोटात.

कोल्हापुरी साजाला परंपरेनं २१ पानं मोजतात. दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचं. मध्ये मध्ये जवमणी. मासा, कासव, शंख, नाग, कमळ, चंद्र अशी एकेक पानडी ओळखून दाखवणं हा आमच्याकडच्या लहान पोरींचा खेळ असतो. ही पानं भरीव नसतात. सोन्याचा पातळ पत्रा ठशात दाबून आकार काढायचा आणि आतली पोकळी लाखेनं भरायची. त्यानं पान दबत नाही आणि थोड्या सोन्यात दागिना भरदार दिसतो. म्हणजे तराजूवर साज टाकला की सोनं, लाख, खडे आणि मागचा रेशमी गोंडा अशा सगळ्यांचं मिळून वजन येतं. गुजरीतला, म्हणजे आमच्या सराफ बाजारातला, सराफ म्हणून दोन आकडे सांगतो, एक ग्रॉस (सगळं मिळून) आणि एक नेट (नुसतं सोनं).

काकूंचा साज त्यांच्या सासूबाईंनी १९५५ च्या सुमारास गुजरीतच घडवलेला. घरात त्याचं नावच 'तीन तोळ्यांचा साज'. आता हे तीन तोळे कुठले? जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. दशमान पद्धत आल्यावर बाजारानं सोयीसाठी १० ग्रॅमला तोळा म्हणायला सुरुवात केली आणि आज कुणालाही विचारा, तोळा म्हणजे १० ग्रॅम. पण घरातली तोंडी नोंद कुणी बदलत नाही. सासूबाईंचे तीन तोळे म्हणजे ३५ ग्रॅम निव्वळ सोनं.

हिरव्या वाटेवर

पहाटे तीनच्या पुढं विमान उतरलं. काकू ग्रीन चॅनेलनं निघाल्या. आपल्याकडं शुल्क भरण्यासारखं काही नाही, असं ज्याला वाटतं त्यानं हिरव्या वाटेनं जायचं, ज्याच्याकडं आहे त्यानं लाल. बहुतेकांना ही नुसती गर्दी पांगवायची सोय वाटते. तसं नाही. हिरव्या वाटेनं चालायला लागणं म्हणजेच 'माझ्याकडं जाहीर करण्यासारखं काही नाही' असं सांगणं, आणि जाहीर करण्याची जबाबदारी कलम ७७ प्रमाणं प्रवाशाची.

एका अधिकाऱ्यानं थांबवलं. गळ्याकडं बघून हिंदीत विचारलं, सोनं किती? काकू म्हणाल्या, तीन तोळे. त्यानं मनात तीसाला गाठ मारली. साज उतरवून काट्यावर ठेवला तर आकडा आला ४७.२.

इथून पुढचं संभाषण काकूंनी मला इतक्या वेळा सांगितलंय, की मला तोंडपाठ झालंय. अधिकारी म्हणाला, तुम्ही तीस सांगताय, हे तर सत्तेचाळीस आहे. काकूंनी समजावलं, "उसमें लाख है ना." अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि पुढं लिहायला घेतलं. त्याला 'एक लाख' ऐकू आलं. जबाबात उतरलं ते असं, की प्रवासी महिलेनं दागिन्याची किंमत अंदाजे एक लाख रुपये सांगितली. मूल्यांकनात किंमत निघाली दोन लाख पंचेचाळीस हजार. झालं! वजनही कमी सांगितलं आणि किंमतही कमी सांगितली.

मग विचारलं, बिल? साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दागिन्याचं बिल कुठून येणार. पर्स उघडली तर एक बिल निघालं, दुबईच्या दुकानाचं, चेनचं. ज्या बाईकडं दुबईचं सोन्याचं बिल आहे, तिनं गळ्यातला हारही तिथंच घेतला असणार, असा त्याचा हिशेब झाला. शेवटी काकूंनी त्यांच्या मते हुकमाचं पान टाकलं, "लग्न झालेल्या बाईला पन्नास तोळे चालतात."

ही समजूत कोल्हापुरात घरोघर आहे आणि तिचा उगमही खरा आहे, फक्त खातं दुसरं. प्राप्तिकराच्या धाडीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी प्रत्यक्ष कर मंडळाची १९९४ ची सूचना आहे. सीमेवर तिचा काडीचा संबंध नाही. पण विमानतळावर ते वाक्य उच्चारलं, की समोरच्याला वाटतं बाई नियम पाठ करून आलीय.

तेव्हा लागू होते ते २०१६ चे बॅगेज नियम (मर्यादा बदलत असतात, जाण्याआधी त्या वेळच्या बघाव्यात). त्यांत दागिन्यांची वेगळी सवलत होती, स्त्रीला ४० ग्रॅम आणि किमतीनं एक लाखापर्यंत, पुरुषाला २० ग्रॅम आणि पन्नास हजारांपर्यंत. मात्र ती वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्यांना. ५६ दिवसवाल्या काकूंना नाही. त्यांना उरली ती ५० हजारांची सर्वसाधारण सवलत. चेन आणि खजूर-चॉकलेटं धरून ३९ हजार त्यातच गेले. उरले ११ हजार. म्हणजे साजाच्या २ लाख ३४ हजारांवर शुल्क. प्रवाशाच्या सामानाचा दर ३५ टक्के, त्यावर शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून ३८.५ टक्के. आकडा ९०,०९० रुपये. हा सगळा हिशेब ग्रॉस वजनावर. साजातली लाख, खडे आणि गोंडा १२.२ ग्रॅम धरले, तर त्या सोनं नसलेल्या ऐवजावरच चोवीस हजारांहून जास्त शुल्क लागत होतं.

अधिकाऱ्याची बाजूही मांडायला हवी. जुलै २०२२ मध्ये मालाच्या बाजूचं सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवर गेलं होतं (ते ६ टक्क्यांवर आलं जुलै २०२४ मध्ये), म्हणजे चोरून सोनं आणण्यात फायदा वाढला होता. दुबईहून येणारं विमान, पहाटेची वेळ, अंगावर सोनं घालून हिरव्या वाटेनं निघालेली बाई, तोंडी वजन आणि काट्यावरचं वजन यांत सतरा ग्रॅमची तफावत, पर्समध्ये दुबईचं बिल. मी त्याच्या जागी असतो तर मलाही संशय आला असता. त्यानं आवाज चढवला नाही, पाणी दिलं, मंगळसूत्र आणि बांगड्यांना हात लावला नाही. माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे, जबाबाबद्दल. जबाब इंग्रजीत टाइप केलेला. त्याखाली आणखी एक छापील कागद, की मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको. दोन्हींवर काकूंची मराठीत सही, ठसठशीत, शाळेत हजेरीपटावर करायच्या तशी.

"वाचलात का?" मी विचारलं.

"चष्मा बॅगेत होता रे. आणि तो म्हणाला, सही केलात की पावती मिळते. मी केलो सही."

लेक फोनवर सांगत होती, पैसे भर आणि मोकळी हो. जावयानं रक्कम पाठवायची तयारीही दाखवली. काकूंनी नकार दिला. "माझ्याच साजाचं मी पैसे भरून साज सोडवायचं?" साज सीलबंद पाकिटात गेला, काकूंच्या हातात डिटेन्शन रिसीट, म्हणजे ऐवज अडकवल्याची पावती, आली आणि त्या कोल्हापूरच्या गाडीत बसल्या.

माझी चूक

घरी आल्यावर कागद बघितले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भांडण सोन्याचं नाहीच. साज भारतातून गेला आणि भारतात परत आला, हे दाखवता आलं तर सवलत किती आणि दर किती हा सगळा हिशेबच गळून पडतो. ते दाखवायची जबाबदारी मात्र आपली. सोन्याच्या बाबतीत कायद्याचं कलम १२३ उलटं चालतं. तस्करीच्या वाजवी संशयानं सोनं जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे ज्याच्याकडून जप्त झालं त्यानं सिद्ध करायचं.

आता माझी चूक. मालाच्या बाजूला सवय अशी, की आधी सगळा पुरावा गोळा करायचा आणि मग एकदाच भक्कम अर्ज टाकायचा. मी तेच केलं. १९ दिवस गेले. पण काकूंच्या जबाबात 'तीस ग्रॅम' आणि 'एक लाख' बसलेलं होतं, आणि चुकीचा जबाब त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लेखी नाकारायचा असतो. एका ओळीचं पत्र पुरलं असतं, की जबाब मला कळणाऱ्या भाषेत नव्हता, त्यात वजन आणि किंमत चुकीची नोंदली आहे, सविस्तर नंतर कळवते. १९ दिवसांनी गेलेल्या पत्राला 'नंतर सुचलेलं' असा वास येतो. सुनावणीत तो प्रश्न आलाच. आणखी एक. असा जबाब आपल्या भाषेत, आपल्या हातानं लिहिता येतो. आयुष्यभर पोरांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाईंना ते कुणी सांगितलं नाही, आणि जाण्याआधी सांगायला हवं होतं ते मीच.

छापील कागदाची मला जास्त धास्ती होती. नोटीस नको म्हणून सही केली की आपलं म्हणणं मांडायची दारंच बंद, असं वाटत होतं. कलम १२४ प्रमाणं नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हा प्रवाशाचा हक्क. त्याच्या विनंतीनं नोटीस तोंडी देता येते, पण विनंती त्याची असायला हवी. पुढं २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अशा छापील सोडचिठ्ठ्या चालणार नाहीत असं स्पष्ट सांगितलं. आमच्या वेळी तो आधार नव्हता. पत्रात एवढंच लिहिलं, की बाईंना इंग्रजी येत नाही, त्यांना नोटीसही हवी आहे आणि सुनावणीही. नोटीस आली. माल अडकवल्यापासून सहा महिन्यांत ती द्यावी लागते, आणि मुदत लेखी कारण देऊन वाढवता येते. आमची तिसऱ्या महिन्यात आली.

गुजरीतली चिठ्ठी

पुरावा म्हणून सगळ्यात आधी निघाला लग्नाचा अल्बम. काळ्यापांढऱ्या फोटोत नवरीच्या गळ्यात साज दिसतो खरा, पण साज सगळे एकमेकांसारखेच. हाच तो, हे कशावरून?

मग आठवला २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ती ओलांडून कुठल्याकुठं गेलं. काकूंचा तळमजला पाण्यात होता. ट्रंका माडीवर नेल्या, पण देव्हाऱ्याखालच्या कपाटातला पत्र्याचा डबा राहिला. पाणी ओसरल्यावर डबा उघडला तर साजाचा गोंडा कुजलेला, दोन पानांतली लाख सुटलेली. दिवाळीआधी तो गुजरीत दुरुस्तीला दिला होता. सराफानं चिठ्ठी दिली होती आणि काकूंनी ती टाकली नव्हती. काकू काहीच टाकत नाहीत. विजेची १९८९ ची बिलंसुद्धा आहेत.

चिठ्ठी बघून मी उडालोच. तळहाताएवढा कागद, वर बोटाचा तेलकट डाग. त्यावर निळ्या बॉलपेननं तारीख, 'साज १ नग, २ पानं लाख भरणे, गोंडा नवा', आणि खाली 'ग्रॉ. ४६.९ नेट ३५.०'. तीन गुणिले ११.६६ म्हणजे ३४.९८. सासूबाईंचे तीन तोळे आणि सराफाचे ३५ ग्रॅम तंतोतंत जुळत होते. काट्यावर ०.३ जास्त भरले ते कशानं, ते मूल्यांकन करणाऱ्यानं सांगितलं. २०१९ ची नोंद नवा गोंडा बांधायच्या आधीची, त्यामुळं गोंड्याचं वजन तीत नव्हतं.

अडचण एकच. चिठ्ठी कच्ची होती. ना बिल नंबर, ना जीएसटी. सराफाकडं गेलो तर त्यांनी चहा मागवला, चिठ्ठी हातात घेऊन ओळखली आणि परत माझ्या हातात ठेवली. "अक्षर आमचंच आहे. पण प्रतिज्ञापत्राचं तेवढं सांगू नका." त्यांचंही बरोबर. कच्च्या कामाची कबुली स्वतःच्या सहीनं कोण देणार? मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. चार दिवसांनी काकू स्वतः गेल्या. काय बोलल्या ते सांगत नाहीत. सराफांचा मुलगा तिसरीत त्यांच्या वर्गात होता, एवढं कळलं. मुलानं दुकानाच्या दुरुस्तीच्या वहीतल्या त्या पानाची प्रत दिली आणि नोंद आमच्याकडची असल्याचं लेटरहेडवर लिहून दिलं. गोंडा करणाऱ्या पटवेकऱ्यानं मात्र न मागता साक्ष द्यायची तयारी दाखवली. "माझी गाठ मी अंधारात वळखतो. डावीकडनं दोन फेर आणि मग आत."

दुसरा पुरावा भाच्याच्या फोनमध्ये होता. जाताना विमानतळाच्या दारात त्यानं काकूंचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. डिसेंबरची थंडी, काकूंनी स्वेटर घातलेला, त्यामुळं २१ पैकी सातच पानं दिसत होती. त्या सातांत कासव होतं आणि कासवाची डावी कड चेपलेली. ती चेप १९९० च्या आसपास नणंदेच्या मुलीनं दातानं पाडलेली, असा घरचा इतिहास. अडकवलेल्या साजाचा विभागानंच काढलेला फोटो नोटिसीबरोबर आला होता. त्यात कासवाची तीच कड चेपलेली.

इथं एक तांत्रिक फास आहे, तो सांगतो. व्हॉट्सॲपवर फोटो गेला की त्याच्या आत दडलेली तारीख-वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते. ग्रुपवरचा फोटो दाखवून 'हा डिसेंबरचा' म्हणण्यात दम नाही. मूळ फाइल लागते. भाच्यानं दरम्यान फोन बदललेला. सुदैवानं गुगल फोटोजमध्ये मूळ प्रत राहिली होती, वेळ आणि ठिकाणासह. ती पेन ड्राइव्हवर घेतली, तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र भाच्याच्या सहीनं जोडलं.

तिसरा कागद मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा. त्यानं फोटो आणि वहीची नोंद बघून लिहून दिलं, की हा लाख भरलेला पारंपरिक घडणीचा दागिना आहे, अशा दागिन्यात ग्रॉस आणि नेट वजनात मोठा फरक असतो आणि यंत्रावरची तपासणी वरच्या सोन्याचा कस सांगते, आत लाख किती ते सांगत नाही.

जातानाच करायचं काम

या सगळ्या धावपळीला पर्याय होता एक कागद. परदेशी जाताना आपल्याबरोबरचे दागिने कस्टम्सला दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. दागिन्यांचं वर्णन, वजन, फोटो, मूल्यांकनाचा दाखला, पासपोर्ट, तिकीट, एवढं लागतं. परत येताना ते दाखवलं की विषय संपतो. चेक-इनच्या आधी, हातात वेळ ठेवून करावं लागतं. काकूंच्या वेळी गाडी साताऱ्याच्या पुढं घाटात दोन तास अडकली आणि विमानतळावर पोचल्या त्या जेमतेम. तसं प्रमाणपत्र असतं हे तरी कुणाला माहीत होतं? प्रवास ठरवून देणारा विमा विकतो, सिम कार्ड विकतो. हे सांगत नाही, कारण यात त्याला कमिशन नाही. वर्णन लिहून घेताना 'सोन्याचा हार' एवढ्यावर भागवू नये, असंही मी आता सांगतो. साज असेल तर साज, पानं किती, लाख भरलेली, ग्रॉस एवढं, नेट एवढं, आणि तोळे अजिबात नाही, फक्त ग्रॅम.

सुनावणी

मे महिन्यात सुनावणी झाली. वकील केला नाही. अधिकृत पत्र घेऊन मी आणि काकू गेलो, रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचा जाण्याचा आणि येण्याचा प्रवास. निर्णय देणारे अधिकारी वेगळे होते, शांत. त्यांनी पहिलाच प्रश्न माझ्या वर्मावर ठेवला, जबाब चुकीचा होता तर १९ दिवस थांबलात का? मी खरं ते सांगितलं, की उशीर माझ्यामुळं झाला, बाईंमुळं नाही. त्यांनी लिहून घेतलं.

मग जबाबातल्या 'एक लाख'वर आलो. काकूंनी हिंदीत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून त्यांच्या टेबलावरच्या लाल सीलकडं बोट दाखवलं, "ये वाली लाख." साहेब हसले. माझ्या दोन पानी युक्तिवादानं जे झालं नसतं ते त्या बोटानं केलं. त्यानंतर त्यांनी साज मागवला, पाकीट आमच्यासमोर उघडलं आणि काकूंना पानं ओळखायला सांगितली. काकू निवृत्त शिक्षिका, त्यांना वर्गच मिळाला. मासा, कासव, नरसिंह... करत त्या डोरल्यापर्यंत गेल्या. कासवापाशी त्यांनी चेपलेली कड दाखवली, साहेबांनी भाच्याचा फोटो शेजारी धरला आणि बराच वेळ दोन्हींकडं बघत राहिले. पटवेकऱ्याचा लेखी जबाब होता, तो त्यांनी वाचला की नाही, मला कळलं नाही.

आदेश जूनमध्ये आला. साज भारतातून नेलेला आणि परत आणलेला असल्याचं मान्य, शुल्क नाही, दंड नाही, पुढच्या वेळी निर्यात प्रमाणपत्र घ्यावं अशी समज. प्रवास, मूल्यांकन, नोटरी धरून खर्च झाला ११ हजारांच्या आसपास, आणि साज घराबाहेर राहिला साडेचार महिने. पहिल्याच रात्री नव्वद हजार भरले असते तर काकू साज घालूनच घरी आल्या असत्या. पण तो परदेशातून आणलेला असं सहीनिशी मान्य करून. मग ते पैसे परत मिळवायचे तर अपील, आणि अपिलाला मुदत ६० दिवसांची. कामधंद्याच्या माणसाला मी कदाचित भर म्हणालो असतो. काकूंना म्हणायची माझी छाती नव्हती.

साज घ्यायला परत दोघं गेलो. खिडकीतल्या कारकुनानं पोच पुढं सरकवली, सही करा म्हणाला. काकूंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, घातला आणि इंग्रजी पोच मला ओळीनं वाचून दाखवायला लावली. मग म्हणाल्या, आधी वजन. कारकून कुरकुरला, पण काटा पुढं ओढला. ४६.८. अडकवला तेव्हा ४७.२ होता. पाकीट उलटं करून बघितलं तर तळाशी तांबूस काळे कण, कुठल्या तरी पानातली लाख सुटून पडलेली. काकूंनी ते कण कागदावर घेतले आणि तोही कागद काट्यावर ठेवायला लावला, आधी कोरा, मग कणांसकट. मागं रांग वाढत होती. त्यांनी पोचेच्या मोकळ्या जागेत मराठीत लिहिलं:

'साज १ नग, २१ पानं, मिळाला. वजन ४६.८ ग्रॅम, लाखेसह. सांडलेली लाख ०.४ ग्रॅम वेगळी मिळाली.'

आणि खाली सही.